भिंतीवरची फार्मासिस्ट

उस्मानपुऱ्यातल्या पुंजाई मेडिकलचं शटर सकाळी साडेआठला वर जायचं आणि लगेच नानासाहेबांची पूजा सुरू व्हायची. आधी गणपती, मग गल्ल्यावरची लक्ष्मी, मग गावाकडच्या महाराजांचा फोटो. सगळ्यात शेवटी फ्रिजच्या वर, सोनेरी फ्रेममध्ये लावलेलं सुनेचं सर्टिफिकेट. देवांना एकेक अगरबत्ती, सर्टिफिकेटला दोन. देव रागावला तर त्याला नारळ दाखवून गप करता येतं. ड्रग इन्स्पेक्टर रागावला तर दुकान जातं. एवढं नानासाहेबांना नववीपर्यंतच्या शिक्षणात नीट समजलेलं होतं.

सर्टिफिकेटच्या कोपऱ्यात मोनिकाचा फोटो होता, पासपोर्ट साईजचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला. गुरुवारी महाराजांना मोगऱ्याचा हार यायचा. फुलवाला जोडीशिवाय देत नसे, म्हणून दुसरा हार मोनिकाला. फोटोतल्या मोनिकाला, म्हणजे. खरी मोनिका त्याच भिंतीच्या पलीकडं स्वयंपाकघरात भाकरी थापत असायची आणि तिला कुणी पाकळी दिल्याचं ऐकिवात नव्हतं.

तर भानगड अशी, की औषधाच्या दुकानात शिकलेला, कौन्सिलकडं नोंद असलेला फार्मासिस्ट स्वतः हजर पाहिजे. नानासाहेबांनी पंधरा वर्षं ह्या कायद्याला भाड्याच्या सर्टिफिकेटवर झुलवलं. बीडकडचा कुणी एक होता, त्याचं नाव भिंतीवर असायचं आणि त्यानं जन्मात उस्मानपुरा पाहिला नव्हता. पण भाडोत्री माणूस केव्हा उलटेल सांगता येत नाही. तेव्हा नानासाहेबांच्या डोक्यात आलं, की घरात एक लग्नाचं पोरगं आहे, मग सर्टिफिकेट घरचंच का करू नये?

सुदर्शनसाठी मुली बघायला सुरुवात झाली. शेतकरी मुलगी नको, शिक्षिका नको, इंजिनियर तर अजिबात नको. बी.फार्म पाहिजे. गंगापूर तालुक्यातल्या पुंजारामची पोरगी सापडली. बैठकीत नानासाहेब मांडी ठोकून म्हणाले, "आपल्याला हुंडा-बिंडा काय नको. पोरगी आन् नारळ. तेवढं रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट घेऊन यायचं, म्हंजी पोरीचं शिक्षण वाया नाय गेलं पाह्यजे."

पुंजारामच्या डोळ्यात पाणी आलं. मोनिकानं चहाचा ट्रे ठेवता ठेवता विचारून घेतलं, की मला जीपॅट द्यायचीय, एम.फार्म करायचंय, चालंल का? जीपॅट म्हणजे फार्मसीत पुढं शिकायचं तर द्यावी लागते ती देशभरची परीक्षा. पास झालं की सरकार दर महिन्याला शिकायला स्टायपेंड देतं. नानासाहेब म्हणाले, कर की पोरी, आमच्यात शिक्षणाला कुणाचीच ना नसती. लग्नात समाजाच्या मंडळानं त्यांना आदर्श विवाहाबद्दल शाल घातली. हुंड्याला फाटा दिल्याची बातमी फोटोसकट पेपरात आली. फोटोत नानासाहेब, शाल, मंडळाचे सात पदाधिकारी. मोनिकाची फक्त अर्धी मुंडावळी आली होती.

लग्नाच्या दहाव्या दिवशी तिचं नाव दुकानाच्या लायसनवर चढलं आणि पंधराव्या दिवशी फ्रेम भिंतीवर. औषधं द्यायचा तो धाकटा दीर, प्रणय. बी.ए.चं पहिलं वर्ष त्यानं अर्ध्यात सोडलं होतं, गोळ्या तो पाकिटाच्या रंगावरून ओळखायचा. मोनिकानं दोनदा सांगून बघितलं, भाऊजी, नाव वाचून द्या, नाहीतर मला बसू द्या. प्रणय म्हणाला, "वैनी, मला सगळे रंग पाठ हायेत."

पण मोनिका काउंटरवर कधी बसायचीच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. औरंगपुऱ्यापासून उस्मानपुऱ्यापर्यंतच्या दुकानदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर 'पाव्हणे निघाले' असा मेसेज पडला की सासू चंपाबाई स्वयंपाकघरात धावत यायच्या. दाराच्या खिळ्यावर पांढरा एप्रन टांगलेलाच असायचा. पिठाच्या हातांनी साडीवर एप्रन, पळत जाऊन स्टुलावर बूड. इन्स्पेक्टर दोन पानं उलटून जायचा, जाताना तिच्या कोपराला लागलेल्या बाजरीच्या पिठाकडं बघायचा आणि बहुतेक औषधाची भुकटी समजायचा. गाडी वळली की एप्रन परत खिळ्यावर आणि तवा परत गॅसवर.

अभ्यास ती दुपारी करायची, आणि बाकी वेळ मसाल्याच्या डब्यात. अर्धा अभ्यासक्रम त्यातच होता. ओवा, जिरं, धणे, बडीशेप, चारी एका कुळातले. लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, मेथीत डायोसजेनिन. भाकरी उलटताना ती लॅटिन नावं पुटपुटायची. चंपाबाईंना वाटायचं सून कसलं तरी स्तोत्र म्हणते. त्यांनी शेजारच्या चार घरांत सांगून ठेवलं होतं, की आमची सून लई देवभोळी, सैपाक करताना बी तोंडात मंत्र असत्यात.

मागच्या वर्षी मोनिकानं फॉर्म भरला. परीक्षेच्या दिवशी सकाळी सात वाजता चंपाबाईंचा बीपी वाढला आणि केंद्राचं गेट बंद झालं त्याच सुमाराला उतरला. एवढ्या वेळेवर येणारी-जाणारी गोष्ट ह्या शहरात दुसरी नाही. नळाचं पाणीसुद्धा नाही.

यंदा तिनं परत फॉर्म भरला आणि मे महिन्यात प्रवेशपत्र आलं. तोवर नानासाहेबांना कुणीतरी सांगितलं होतं, की स्टायपेंड घेऊन शिकायचं तर पूर्णवेळ शिकावं लागतं, दुसरीकडं कामावर नाव ठेवता येत नाही. म्हणजे सून पास झाली की फ्रेम उतरणार. त्यांनी दुपारच्या जेवणाला सगळ्यांना बसवलं. शिक्षणाचं काय, ते कधीबी होतं, घरच्या लक्ष्मीनं घर सोडू नये, असं बरंच काही गोड बोलून झालं. मोनिका वाढत राहिली. मग त्यांच्या पोटातलं ओठावर आलं.

"तू यम फार्मला गेलीस तर भिंतीवर कोण बसंल?"

"भिंतीवर बसाया मी काय पाल हाय का, मामा?"

प्रणयला ठसका लागला. चंपाबाईंनी तोंडाला पदर लावला. सुदर्शन, म्हणजे मोनिकाचा नवरा, वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर होता आणि दीडशे माणसांवर ओरडायचा, असं तो सांगायचा. त्यानं वरणात भात इतका बारीक कालवला, की आता तो पिता आला असता. शेवटी म्हणाला, "मामा... म्हंजी नाना बोलतेत तर ऐक ना."

बायकोच्या तोंडचा शब्द त्याच्या तोंडात आला, एवढी त्याची बोलायची सवय गेलेली.

नानासाहेबांनी निकाल दिला. रविवारी परीक्षा असली तरी रविवारीच घरात सत्यनारायण आहे आणि पूजेला जोडपं लागतं. सत्यनारायणाला तरी ह्या गोष्टीची कल्पना होती की नाही, कोण जाणे.

गुरुवारी, परीक्षेला तीन दिवस उरले असताना, सकाळी दहाच्या सुमाराला बिल्किस आपा दुकानात आल्या. गुलमंडीत त्यांच्या मालकांचं, करीम चाचांचं, कापडाचं छोटं दुकान. बारा वर्षांचं गिऱ्हाईक. चाचांच्या बीपीच्या गोळ्या दर महिन्याला इथूनच जायच्या. आपांच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं आणि दुकानाचं बिल.

"नानासाब, ये गोलियां तुमारे इधर से लेके गई मैं सोमवार कू," त्या काउंटरवर पाकीट ठेवत म्हणाल्या. "कल दुकान में बैठे-बैठे पसीना-पसीना हो गए और गिर गए. डॉक्टर बोले, शक्कर एकदम नीचे चली गई. अब इनकू तो शुगर हैच नै. फिर ये कैसा हुआ?"

प्रणयनं पाकिटाकडं पाहिलं. लाल होतं. बीपीचंही लालच असायचं. हे साखरेच्या गोळ्यांचं लाल होतं. त्याच्या सगळ्या आयुष्यात रंगानं पहिल्यांदाच दगा दिला होता.

आपांचा आवाज हळूहळू चढत होता. बिलावर फार्मासिस्ट म्हणून छापलेल्या नावावर त्यांनी बोट ठेवलं आणि ही बाई कोण, तिला बोलवा, असं म्हणत मान वर केली. वर फ्रेम होती, आणि फोटोतला चेहरा त्यांनी लग्नात पाहिला होता. फ्रेमला मोगऱ्याचा ताजा हार. खाली दोन अगरबत्त्या, धूर सरळ मोनिकाच्या फोटोवर चाललेला.

आपांचा आवाज तिथंच बसला.

"या अल्ला. बहू गुजर गई?" त्यांनी डोक्यावरची ओढणी पुढं ओढली. "कब? हमकू खबर बी नै दिये तुम."

आता नानासाहेबांचं डोकं बघा. सून जिवंत आहे म्हणावं, तर आपा विचारणार, मग गोळ्या देताना ती कुठं होती? आणि बोलव तिला. गेली म्हणावं, तर बाई मयताच्या घरी भांडणार नाही, बिल घडी करून जाईल, पुढचं पुढं बघता येईल. एका पारड्यात सून, दुसऱ्यात दुकान. माणसाला निवडायला असा कितीसा वेळ लागतो? नानासाहेबांना अगरबत्तीची राख पडायला लागते त्याहून कमी लागला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मान खाली घातली.

"लई गुणाची होती," ते म्हणाले.

प्रणयनं खिशातून रुमाल काढला. त्याला एवढी अक्कल कुठून आली, ह्याचं नानासाहेबांना नंतरही नवल वाटत राहिलं.

आपांनी खरंच बिल घडी केलं. दुवा पुटपुटली. इतक्या लहान वयात, म्हणून डोळे पुसले.

स्वयंपाकघर आणि दुकान ह्यांच्यामधी एक पडदा होता. पडद्याच्या मागं मोनिका चहाचे दोन कप घेऊन उभी होती. तिनं पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं.  राग येण्याऐवजी तिला एकदम हलकं वाटलं. वर्षभर ती ह्या माणसांना पटवत होती, समजावत होती, त्यांच्या मनात कुठंतरी एक सून असेल असं धरून चालली होती. आता धरायला काही राहिलंच नव्हतं. ती पडदा सारून बाहेर आली.

"चहा घ्या, मामा. माझा दहावा कंच्या दिवशी धरलाय?"

आपा मटकन स्टुलावर बसल्या. त्याच स्टुलावर, जिथं कायद्यानं मोनिकानं बसायला पाहिजे होतं. मोनिकानं आधी त्यांना पाणी दिलं, मग पाकीट उचललं आणि नाव वाचलं. ह्या दुकानात महिन्याभरात कुणी पाकिटावरचं नाव वाचल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. चाचांनी किती गोळ्या घेतल्या, ते तिनं विचारलं. तीन दिवस, रोज दोन. आता चाचा कुठं आहेत? दवाखान्यातून काल ग्लुकोज लावून घरी पाठवलंय, झोपलेत.

"डॉक्टरला ह्या गोळ्या दाखवल्या व्हत्या?"

नाही. डॉक्टर विचारत होता, साखरेची गोळी घेता का, आणि आपा नाही म्हणाल्या होत्या. खोटं कुठं होतं ते, त्यांच्या माहितीत बीपीचीच होती.

"आपा, उठा. त्यांना झोपू देऊ नका," मोनिका म्हणाली. "ह्या गोळीचा असर दोन-तीन दिवस सुटत नाय. ग्लुकोज उतरलं की साखर परत खाली जाती. आत्ता फोन करा, साखरेचं पाणी पाजा म्हणावं. आपण त्यांना घेऊन परत दवाखान्यात जाऊ. मी येते."

हे जीपॅटच्या पुस्तकात होतं. तिनं मागच्याच आठवड्यात वाचलं होतं, शेजारी कुकरच्या शिट्ट्या मोजत.

मग तिनं तीन कामं केली, आणि ती इतक्या शांतपणे, की दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागायचं विसरलं. कुठली गोळी कशाऐवजी कुणी दिली, ते बिलाच्या मागं लिहून खाली सही करून तिनं कागद आपांच्या हातात दिला. फ्रिजसमोर प्लास्टिकची खुर्ची ओढून वर चढली आणि फ्रेम उतरवली. हार काढून रिकाम्या खिळ्यावर परत नीट अडकवला.

"ए, ठेव ते," नानासाहेब म्हणाले. "घराची अब्रू हाय ती."

"माझं नाव हाय हे. उद्या करीमचाचा गेले असते, तर पोलिसांनी हेच नाव वाचलं असतं. तुमी तवा बी टोपी काढून मान खाली घातली असती."

"तुझ्या बापाकडून एक रुपाया घेतला नाय आमी."

"घेतला असता तर बरं झालं असतं, मामा. पैसा देऊन बाप मोकळा झाला असता. तुमी मलाच भिंतीत खिळा मारून घेतलंय."

फ्रेम काखेत मारून ती आपांबरोबर रिक्षात बसली. चंपाबाईंनी दारातून आवाज दिला, की मला चक्कर येतीया. मोनिका रिक्षातून म्हणाली, "आत्या, भाऊजीला सांगा. त्यांना रंग पाठ हायेत."

करीम चाचांची साखर त्या दुपारी दवाखान्यात आणखी दोनदा खाली गेली. पण तेव्हा हाताला सुई होती, उशाशी माणूस होतं आणि डॉक्टरच्या हातात गोळ्यांचं पाकीट. शनिवारी ते घरी आले. आपा दवाखान्यात असताना गुलमंडीमागचं त्यांचं घर मोनिकाच्या ताब्यात होतं, आणि त्या घरात तीन दिवस तिनं तव्याकडं पाठ करून अभ्यास केला. त्याआधी गुरुवारीच, दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, पुंजाई मेडिकलमधून आपण फार्मासिस्ट म्हणून राजीनामा देत असल्याचं तिनं फोनवरून ऑनलाइन कळवून टाकलं होतं. दुकानाला औषध विकायला बंदी आली. नानासाहेब अर्ध्या शटरमागं लंगोट, बाम आणि टूथपेस्ट विकत बसले. सुदर्शननं नऊ व्हॉइस मेसेज पाठवले. मम्मीची तब्येत, नानांची इज्जत, सत्यनारायणाचा प्रसाद, सगळं त्यात होतं. 'तू कशी आहेस' तेवढं राहून गेलं.

शनिवारी पुंजाराम आला, पोरीला समजावून परत नेऊन सोडायला. म्हणाला, माणसं वाईट नाहीत बाई, हुंडा मागितला नव्हता त्यांनी. मोनिकानं फ्रेम त्याच्या मांडीवर ठेवली आणि गुरुवारचं सगळं सांगितलं. 'लई गुणाची होती' इथपर्यंत आल्यावर तो म्हणाला, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. पुंजारामनं फ्रेमवरच्या फोटोवर अंगठा फिरवला.

"मला वाटलं व्हतं मी पोरगी दिली," एवढंच तो बोलला, आणि रविवारी केंद्रापर्यंत मीच येतो म्हणाला.

परीक्षा चिकलठाण्याकडच्या एका कॉम्प्युटर केंद्रावर होती. आत पेनसुद्धा नेता येत नव्हतं, मग फ्रेम कुठली. सत्यनारायणाच्या वेळेला मोनिका स्क्रीनसमोर बसली होती. तिसराच प्रश्न ओव्याच्या कुळावर आला. ती एकटीच हसली, तसा पर्यवेक्षक येऊन बघून गेला.

बाहेर फुटपाथवर मे महिन्याच्या उन्हात पुंजाराम आणि बिल्किस आपा लिंबाखाली बसले होते. पुंजारामच्या मांडीवर फ्रेम. खाली अंथरायला त्यानं रविवारचा पेपर घेतला होता. आपांना मराठी वाचता यायचं, वेळ जात नव्हता, म्हणून त्यांनी पुंजारामला उठवून त्याच्याखालची पुरवणी काढली. विवाहविषयक पानावर त्यांचं बोट थांबलं. 'उस्मानपुरा येथील प्रतिष्ठित, सुधारणावादी कुटुंबातील मुलासाठी बी.फार्म वधू पाहिजे. स्वतःचे मेडिकल. हुंडा नाही.' खाली नानासाहेबांचा नंबर. जाहिरात प्रणयसाठी होती. घरातल्या सुनेचा राजीनामा झाला, तशी त्यांनी दुसऱ्याच दिवशी जागा भरायला काढली होती.

परीक्षा संपवून मोनिका बाहेर आली. पेपर चांगला गेला होता, तिच्या तोंडावरून दिसत होतं. आपांनी तिला जाहिरात दाखवली. तिनं वाचली आणि तिच्या डोळ्यात जे चमकलं ते बघून आपांनी स्वतःहूनच फोन मागितला. पुंजारामचा नंबर नानासाहेबांच्या ओळखीचा, म्हणून शेजारच्या चहावाल्याच्या फोनवरून लावला, ओढणी तोंडावर घेतली, आवाज मऊ केला. फोन स्पीकरवर.

"जी, इश्तेहार देखा आपका. हमारे पास लडकी है. बी.फारम पास. रजिस्ट्रेशन एकदम असली."

पलीकडून नानासाहेबांचा आवाज आला. त्यात एवढं तूप होतं, की सत्यनारायणाचा शिरा अजून घशात असावा. वा वा, जातपात आमी मानत नाय, सुधारणावादी लोक हाओत आमी, पोरीचा फोटो पाठवा.

"बस एक बात है," आपा म्हणाल्या. "लडकी जिंदा नै है. गुजर गई बेचारी. चलेंगा?"

 फोनमध्ये मागं पंगतीची भांडी वाजत होती. मोनिकाला वाटलं आता शिवी येईल, नाहीतर फोन कापला जाईल. आणि खरं सांगायचं तर तिची तेवढी अपेक्षा अजूनही होती.

"सर्टिफिकेट सध्या कुणाकडं हाय?" नानासाहेबांनी विचारलं.

पुंजारामनं मांडीवरची फ्रेम दोन्ही हातांनी घट्ट धरली.

मोनिका आता एम.फार्मला आहे. तिची फ्रेम तिच्या खोलीत, तिच्याच भिंतीवर आहे, आणि तिला कुणी अगरबत्ती ओवाळत नाही. दर रविवारी ती गुलमंडीला येते. करीम चाचा पुरवण्या आणून ठेवतात, मोनिका लाल पेनानं खुणा करते, 'बी.फार्म वधू पाहिजे, हुंडा नाही', आणि आपा एकेक नंबर लावून तोच प्रश्न विचारतात. आजवर एकूण एकतीस फोन झाले. चौघांनी शिव्या दिल्या. त्या चार नंबरांपुढं मोनिका बरोबरची खूण करून ठेवते, त्या घरी पोरगी द्यायला हरकत नाही. उरलेल्या सत्तावीस घरांची नावं ती जवळपासच्या फार्मसी कॉलेजांच्या मुलींना पाठवते, ह्या घरी जाऊ नका म्हणून.

पुढच्या रविवारी तुमच्या घरातली जाहिरात पुरवणीत असेल तर फोन जवळ ठेवा. आपा लई गोड बोलतात.